वारा कमी, मामा जास्त

माझ्या मामाचं नाव हिम्मतराव. नाव ठेवलं तेव्हा तो पाळण्यात होता, त्यामुळे त्याचं मत कोणी विचारलं नाही. तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तो आणि पद्मामामी राहतात. विद्यापीठ जवळ, म्हणून मीही त्यांच्याकडेच असते. मामा रेल्वेच्या पास विभागात आहे. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोकांनी कुठं जावं याची व्यवस्था तो खुर्चीत बसून करतो आणि संध्याकाळी चालत घरी येतो. चालत म्हणजे सिग्नलपर्यंत. तिथून ऑटो.

मामा जाड आहे. हे वाक्य मी इथं लिहिते आहे, पण आमच्या घरात ते कधी कोणी उच्चारलेलं नाही. माणसाचं वजन खरं सांगायचं नाही, दृष्ट लागते, असा आजीचा नियम होता. मामा जन्मला तोच इतका गुटगुटीत की गौलीगुड्यातल्या शेजारणी त्याला बघायला यायच्या, आणि आजी त्यांना त्याचं वजन अर्धा शेर कमी करून सांगायची. पोर वाढलं तशी वजावटही वाढली. पुढं आकडा सांगणंच बंद झालं. "अंगानं भरलेला आहे", "हाडंच मोठी आहेत", यावर भागायला लागलं. माझी आई, रेणू, ही मामाची थोरली बहीण. ती नांदेडहून कधीही आली की दारात चप्पल काढता काढता म्हणते, "हिम्मत, किती रे वाळलास!" मराठी घरांतल्या बहिणी असं म्हणतातच. फरक इतकाच की बाकीचे भाऊ ते खरं धरत नाहीत.

या माणसाला पन्नाशीनंतर पाण्यावर उभं राहायची इच्छा झाली.

त्याचं झालं असं की मामा-मामी रेल्वेच्या पासवर रामेश्वरला गेले होते. मामी देवळातल्या बावीस कुंडांच्या पाण्यानं एकामागून एक आंघोळी करत होती. मामाला पाचव्याच कुंडाला थंडी वाजली, म्हणून तो ऊन शोधत किनाऱ्यावर गेला. तिथं काही माणसं पायाखाली फळी घेऊन समुद्रावरून पळत होती आणि त्यांना आभाळातले मोठमोठे पतंग ओढत होते. मामा बघतच राहिला. पतंग संक्रांतीच्या कागदी पतंगासारखे नव्हते. चंद्रकोरीच्या आकाराचे, कापडाचे, पुढची कड हवा भरून फुगवलेली. पतंगाच्या दोऱ्या माणसाच्या हातातल्या दांडीला, दांडी कमरेच्या पट्ट्याला, आणि माणूस आपला पाण्यावर, काही न करता उभा. "काही न करता" हे मामाचं मत. एखादी गोष्ट बसून करता येत नसेल तर निदान ती दुसऱ्या कोणी ओढून नेत करावी, हे तत्त्व त्याला फार पटलं.

मामी पुण्य घेऊन परत आली आणि मामा हे घेऊन.

हैदराबादेत समुद्र नाही. कोणी तसं म्हणालं की मामा हैदराबादी बेफिकिरीनं म्हणायचा, "लाइट घे. तलाव आहेत ना." कुकटपल्लीत राहणारा कौस्तुभ नावाचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा त्यानं शोधून काढला. कौस्तुभ गोव्यात हे शिकून आला होता आणि रविवारी चार-सहा हौशी लोकांना घेऊन शंकरपल्लीच्या पुढं मल्लन्ना चेरुवू नावाच्या तलावावर जायचा. पहिल्याच भेटीत त्यानं मामाला विचारलं, "काका, तुमचं वजन किती?"

यात त्याची चूक नव्हती. पतंग केवढा घ्यायचा हे दोनच गोष्टींवर ठरतं. वारा कमी तर पतंग मोठा, आणि माणूस जड तर पतंग आणखी मोठा. यात दडवण्यासारखं काही असेल असं कौस्तुभला वाटलं नाही. त्याची आजी वेगळी होती.

"ब्याऐंशी," मामा म्हणाला.

हा आकडा त्यानं कुठून आणला, देव जाणे. लग्नातलं वजन असावं, तेही आजीची वजावट गेल्यावरचं. कौस्तुभनं मामाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण तो सांगलीचा होता, वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं म्हणणार? त्यानं सांगितलं, बारा मीटरचा घ्या. अमेरिकेला निघालेल्या कोणा मुलाचा जुना बारा मीटरचा पतंग मामानं घेतला आणि हॉलमध्ये पसरला. त्याच्यावरून जाण्याखेरीज स्वयंपाकघरात जायला वाट राहिली नाही.

मामीचं माहेर परभणीचं, कापडवाल्यांचं. तिनं शिवणाचा टेप आणून पतंग मोजला.

"फसवलं तुम्हाला. बारा मीटर म्हणे! हे आठसुद्धा भरत नाही."

"अगं, लांबी नाही. चौरस मीटर. क्षेत्रफळ."

"कापड कोणी चौरस विकतं का? आमच्या दुकानात असं माप सांगितलं असतं तर गिऱ्हाइकानं डोक्यात गज घातला असता."

मामीच्या मते तो पतंग कायमच तोकडा राहिला. कारण चुकीचं होतं, पण निष्कर्ष बरोबर होता.

त्यानंतरचे रविवार मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळले. मामा सकाळी निघायचा. पतंग चढायचा, दोऱ्या ताणल्या जायच्या, मामा पाण्यातून कमरेपर्यंत वर यायचा, क्षणभर तिथंच थांबायचा, आणि मग तलाव त्याला परत घ्यायचा. बाराचा पतंग हलक्या वाऱ्यात ब्याऐंशी किलोच्या माणसाला जेमतेम उचलेल. मामाला उचलायला वादळ लागलं असतं, आणि वादळ यायचं ते मंगळवारी, ऑफिसच्या दिवशी. कौस्तुभ कोड्यात पडायचा. त्यानं मामाची उभं राहायची पद्धत बदलली, फळी बदलली, कमरेचा पट्टा बदलला. आकडा बदलायचं त्याच्या मनात आलं असेल, पण तोंडात आलं नाही.

पहिल्या रविवारी मामा ओला होऊन घरी आला तेव्हा मामीनं विचारलं होतं, "जमलं का?"

"जमलं," मामा म्हणाला.

या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं, मामा सोडून. दुसऱ्या रविवारी "आज लांबपर्यंत गेलो" झालं. मग ऑफिसात कळलं. मग नांदेडला फोनवर आईला कळलं, आणि आईला कळलं म्हणजे नांदेडला कळलं. वर्ष उलटलं तोवर आमच्या नात्यात हिम्मतराव म्हणजे पाण्यावरून चालणारा माणूस झाला होता. पुण्याच्या एका मावसभावानं त्याला बायकोच्या भिशीत भाषणाला बोलावलं. मामा गेला नाही, पण नाही म्हणताना कामाचं कारण सांगितलं.

यंदा आई राखीला आली. दारात "किती वाळलास" झालं, ओवाळून झालं, आणि ती म्हणाली, "हिम्मत, या रविवारी मी तुझं ते पाण्यावरचं बघणार. सोमवारच्या गाडीनं मला परत जायचंय, तेव्हा कारणं सांगू नकोस."

"आक्का, तिथं चिखल आहे."

"मी काय चिखल पाहिला नाही का? शेतात जन्मले मी."

"मलाही बघायचंय," मामी म्हणाली. "दीड वर्ष नुसते टॉवेल धुते आहे."

मामा त्या आठवड्यात पानात वाढलेलं सगळं संपवायचा, पण चव न घेता. तो ज्याच्यावर भिस्त ठेवून होता ते एकच होतं, वारा. वारा जोराचा सुटला तर बाराचा पतंगही त्याला उचलेल, असं कौस्तुभ एकदा म्हणाला होता. म्हणून त्यानं यादगिरीला फोन लावायचं ठरवलं.

यादगिरी तलावाच्या काठी मासळीचा ठेका चालवतो. त्याला वाऱ्यातलं विशेष काही कळत नाही, पण तो तिथं असतो, एवढं पुरतं. मामा तीस वर्षं तेलुगू माणसांबरोबर काम करतो आणि त्यांच्याशी दखनीत बोलतो, ते त्याच्याशी तेलुगूत बोलतात, आणि रेल्वे चालू आहे.

रविवारी सकाळी मामानं चहा पिता पिता स्पीकर लावून फोन केला. "यादगिरी, गाली कैसी है?"

आईनं कपबशी खाली ठेवली. "गाली?"

"तेलुगूत वाऱ्याला गाली म्हणतात, वन्सं," मामी म्हणाली. "मीपण पहिल्यांदा घाबरले होते. सकाळी सकाळी हे कोणाला शिव्या विचारताहेत म्हणून."

फोनमधून खरखर आली, मग यादगिरीचा आवाज. "गाली... क्कुवा, सार! रंडी सार, रंडी!"

"अगंबाई," आई म्हणाली. "विचारली आणि दिलीसुद्धा!"

"'रंडी' म्हणजे 'या', आई," मी म्हटलं. "आदरानं बोलावतोय."

"असला आदर नको गं बाई."

या गोंधळात कोणी लक्ष दिलं नाही, पण सगळा घोटाळा त्या "क्कुवा"त होता. तेलुगूत एक्कुवा म्हणजे जास्त आणि तक्कुवा म्हणजे कमी. एवढ्या मोठ्या भाषेनं एवढ्या मोठ्या फरकासाठी एकच अक्षर ठेवलं आहे, आणि नेमकं तेच फोननं खाल्लं. परत विचारता आलं असतं. पण मामानं फोन ठेवला. त्याच्या मते अक्षर वाऱ्यानं उडवलं होतं, आणि अक्षर उडवण्याइतका वारा म्हणजे एक्कुवाच असणार. चेहरा उजळला त्याचा. "चला, तयार व्हा," तो म्हणाला, "आज भरपूर आहे." यादगिरीच्या तोंडात तेव्हा इडली होती, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं.

तलावावर पोचलो तेव्हा पाणी तव्यासारखं पडलं होतं. काठावरची पाणकणसं हलत होती, पण हललं पाहिजे म्हणून हलल्यासारखी. कौस्तुभनं वारा मोजायचं चिमुकलं पंखेवालं यंत्र वर धरलं होतं. पंखा फिरावं की नाही याचा विचार करत होता.

"काका, तुम्ही आज कसे काय आलात?" कौस्तुभनं विचारलं. "बाराचं काम नाही आज."

"घरची मंडळी आलीय," मामा हळूच म्हणाला.

"नमस्कार, काकू! तुम्ही पण आलात? अरे वा."

आईनं चटई पसरली, मामीनं डबे मांडले. काकडी, धपाटे, दही, मीठ वेगळ्या डबीत. मला वाटलं, मामा आता म्हणेल की आज वारा नाही, पुढं कधीतरी. ते खरं होतं आणि ते कोणालाही पटलं असतं. पण आई पाण्याकडं तोंड करून, चष्मा पुसून बसली होती. दीड वर्ष नांदेडला सांगितलेली गोष्ट आता बघायची म्हणून ती सोमवारपर्यंत थांबली होती. मामानं तिच्याकडं पाहिलं आणि तो पतंगात हवा भरायला लागला.

हलक्या वाऱ्यासाठी त्या मंडळींकडं एक सतराचा पतंग आहे. भगवा, अवाढव्य. सगळ्यांनी मिळून घेतलेला, म्हणून त्याचा नियम ठरलेला: कमी वाऱ्यात जो सगळ्यांत जड तो आधी घेणार, कारण लहान पतंग त्याला उचलत नाही. बाकीच्यांनी आपापल्या लहानावर भागवायचं. त्या दिवशी सतराचा पतंग रोहनकडं होता. रोहन हा जिममध्ये राहणारा आणि अधूनमधून घरी जाणारा मुलगा. आपलं वजन तो न विचारता सांगतो.

"एक्क्याण्णव, काकू," त्यानं आईला सांगितलं. "सगळे मसल."

"कोणाला सांगू नये रे, बाळा," आई कळवळून म्हणाली.

रोहन पाण्यात उतरला. सतराचा पतंग सावकाश, जांभई द्यावी तसा वर चढला, आणि रोहन उभा राहून निघालासुद्धा. जाऊन, वळून, परत आला. आईनं टाळ्या वाजवल्या. "आपला हिम्मत असंच करतो ना?"

"हौ," मामा म्हणाला आणि बाराचा पतंग घेऊन पाण्यात गेला.

पुढचं सांगायला मला बरं वाटत नाही, पण बघायला मजा आली. पतंग चढला, लटपटला आणि पाण्यावर पालथा पडला. कौस्तुभनं तो उलटून दिला. पुन्हा चढला. मामानं दांडी ओढली, पाय फळीत रोवले, आणि पाण्यातून त्याची छाती वर आली, मग पोट वर आलं, पोट बराच वेळ वर येत राहिलं. "आता उभा राहील बघ," आई म्हणाली. मामा परत गेला. तिसऱ्यांदा पतंगानं प्रयत्नसुद्धा केला नाही.

"हे काय चाललंय?" मामीनं मला विचारलं.

"वारा कमी आहे, मामी."

"मग तो पोरगा कसा गेला?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. काठावर पाणी गाळत उभ्या असलेल्या मामाला माहीत होतं. रोहन दुसरी फेरी मारून आला होता आणि पतंग उतरवून पाणी पीत होता. कौस्तुभ आभाळ बघून म्हणाला, "वारा आणखी पडतोय. फार तर एक जण जाऊन येईल, मग आवरायचं."

मामा त्याच्याजवळ गेला. "सतरा मला दे."

"काका, नियम वजनाचा आहे. रोहन एक्क्याण्णव, तुम्ही ब्याऐंशी."

"ब्याऐंशी नाही."

"मग?"

आई मामाकडं बघत होती, मामी बघत होती, रोहन बाटली तोंडाला लावून थांबला होता. एवढ्या लोकांत, बहिणीसमोर, उघड्या आभाळाखाली खरं वजन सांगायचं म्हणजे आजीच्या हातचं सगळं पुसून टाकायचं. मामाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तलावाचंच असावं. त्यानं तोंड उघडलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. इतकी वर्षं वजा करत आल्यामुळे मुळात आकडा कोणता होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही म्हणजे? शंभरच्या वर?" कौस्तुभनं विचारलं.

"असेल."

"असेल म्हणून कसं चालेल? मी का सोडू?" रोहन म्हणाला. "शंभरच्या वर मीपण म्हणेन. मोजा."

मोजायचं कशावर, हा प्रश्न पडला नाही, कारण यादगिरीचा मासळीचा काटा तिथंच झाडाखाली होता. सकाळची मासळी जाऊन काटा धुऊन ठेवलेला. मामा झाडाकडं चालायला लागला, तसे सगळे मागोमाग निघाले. काठावर कपडे धूत बसलेल्या दोन बायकाही आल्या.

"हिम्मत!" आई ओरडली. "अरे, उघड्यावर? लोकांसमोर? आईला काय वाटेल?"

"आई वरून बघतेय, आक्का. तिला आकडा माहीतच असेल."

"पण दृष्ट..."

"थांबा," मामी म्हणाली. ती चटईवर गेली, डबीतलं मीठ मुठीत घेऊन आली आणि ओल्या मामावरून ओवाळून तलावात टाकलं. "झालं? चढा आता. पोहून पोहून काही कमी झालंय का बघू."

मामा काट्यावर चढला. काट्यानं थोडा विचार केला. यादगिरीनं वाकून आकडा वाचला आणि सवयीनं, लिलावाच्या आवाजात ओरडला, "नूट आरु!"

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"एकशे सहा," मी म्हटलं.

कपडे धुणाऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघून पसंतीची मान हलवली. यादगिरी म्हणाला की त्याच्या काट्यावर एवढा मोठा नग आजवर चढला नव्हता. रोहननं सतराची दांडी मामाच्या हातात दिली. "काका, रिस्पेक्ट," तो म्हणाला. त्याला हरल्यासारखं वाटत असावं.

"ओला आहे मी," मामा म्हणाला. "पाण्याचं वजन धरलंय त्यात."

"पाण्याचं सोडा," कौस्तुभ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दीड वर्षांचं कोडं सुटल्याचं समाधान होतं. "काका, ब्याऐंशीवर मी तुमची पद्धत सुधारत बसलो होतो! अहो, तुम्ही पहिल्या दिवसापासून सगळं बरोबर करत होता. फक्त चोवीस किलोचा एक माणूस बरोबर घेऊन करत होता."

वारा पडत चालला होता, म्हणून घाई झाली. कौस्तुभनं सतराचा पतंग कड धरून उभा केला. मामा पाण्यात बसला, फळीवर पाय रोवले, दांडी हातात घेतली. कौस्तुभनं हात सोडले. पतंग वर जायला लागला. तो इतका हळू जात होता की बघणाऱ्याला मध्येच आपला श्वास चालू आहे हे आठवावं. अर्ध्या आभाळात जाऊन तो थांबला, जणू खाली कोण आहे ते बघत होता. मग मामानं दांडी ओढली.

आधी छाती आली, मग पोट आलं, आणि मग, आम्ही सगळे पुढचं ठरलेलं बघायच्या तयारीत असताना, गुडघे आले. गुडघे आम्ही पहिल्यांदाच पाहिले. त्यांच्याखाली फळी होती, फळीखाली पाणी होतं. मामा उभा होता. उभाच नव्हता, चालला होता. पाण्यावर मागं एक बारीक पांढरी रेघ उमटत होती आणि एकशे सहा किलो तिच्या पुढं पुढं, आवाज न करता, सरकत होते.

मी कौस्तुभकडं पाहिलं, तर तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसत होता. आई चष्म्यासकट डोळे पुसत होती आणि चटईवरून उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेली होती. "अगं, बघ गं! बघ, आपला हिम्मत!" मामी पदर दोन्ही मुठींत धरून उभी होती. मामानं एकदा मान वळवून काठाकडं पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा दिसला नाही, पण मान जशी वळली त्यावरून मला कळलं की त्याला मामी दिसली आहे.

मग तो जातच राहिला.

तलावाचं मधलं पाणी ओलांडलं. यादगिरीच्या जाळ्यांचे तरंगते डबे ओलांडले. पलीकडचा काठ जवळ यायला लागला, तिथली उंच पाणकणसं आता आम्हालाही दिसत होती, आणि मामा त्यांच्याकडं नाकासमोर निघाला होता.

"वळा, काका," कौस्तुभ स्वतःशीच म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. "अरे देवा."

"काय झालं?" मामीनं विचारलं.

"काकू, वळायला आम्ही शिकवलंच नाही त्यांना. वळणं उभं राहिल्यानंतर येतं ना, आणि उभे तर ते आज पहिल्यांदाच..." इथं त्याला कळलं आपण काय बोललो, आणि त्यानं जीभ चावली.

मामी कौस्तुभकडं बघत राहिली. दीड वर्षाचे रविवार तिच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसले. "जमलं." "लांबपर्यंत गेलो." ऑफिसातली कौतुकं. आपल्या भिशीतल्या बायकांना तिनं स्वतः मीठमसाला लावून सांगितलेल्या गोष्टी. तिचे ओठ एकदा हलले, आणि मला वाटलं, आता मामाचं काही खरं नाही.

तिकडं भगवा पतंग पलीकडच्या काठावर, पाणकणसांच्या डोक्यावर सावकाश कलला. त्याच्याखालची रेघ गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं गवतातून एक हात वर आला आणि जोरजोरात हलायला लागला. मदतीसाठी होता की आनंदानं, सांगता येत नव्हतं.

आई पाण्याच्या कडेवरून वळून बघत होती. तिनं कौस्तुभचं बोलणं ऐकलं नव्हतं. "पद्मा, अगं, तो पोरगा कसा वळून परत आला. मग आपला हिम्मत का नाही वळला?"

मामीनं पदर सोडला, झटकला आणि नीट खोचला.

"वळणारे सगळे नवशिके, वन्सं," ती म्हणाली. "ह्यांना दीड वर्ष झालं. हे आता सरळच जातात." आणि पलीकडच्या काठाला जायचा रस्ता कुठून आहे, हे ती यादगिरीला विचारायला गेली.